बावीस मीटर

"हा बघा न, नमस्कार," विनीत म्हणाला आणि त्याने चित्र थांबवलं.

पडद्यावर एक बाई होती. मान पुढे झुकलेली, डोळे मिटलेले, ओठ जरासे विलग, बोलता बोलता मध्येच कुणी हाक मारावी तसे. खिडकीतून आलेलं उन्हाचं चौकोनी ठिगळ तिच्या गालावर बसलं होतं. किती शांत आहे ही, मृणालीला वाटलं, आणि थोडासा हेवाही वाटला. मग तिने तो निळा कुर्ता ओळखला. खांद्यावरचा दुधाचा वाळलेला डाग ओळखला.  चित्राखाली हिरवी पट्टी होती आणि पट्टीत लिहिलं होतं, नमस्कार. त्याखाली बारीक अक्षरांत: डोळे मिटलेले १.९ सेकंद, वेग ताशी ४३, अंतर २२ मीटर.

"सात ड्रायव्हरांमधला सगळ्यात सुंदर नमस्कार आहे हा," विनीत खुशीत होता. "ओठ बघा, आधी हलतायत. मंत्र म्हणता न तुम्ही?"

"हं," मृणाली म्हणाली. 

विनीत मूळचा यवतमाळचा, पुण्याच्या कंपनीत कामाला आणि तीन महिन्यांसाठी रत्नागिरीत आलेला. माणसं गाडी खरोखर कशी चालवतात ते गोळा करायचं, हे त्याचं काम. त्यासाठी कंपनीने दोन गाड्या पाठवल्या होत्या. एक कॅमेरा रस्त्याकडे, एक ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे, एक पायांकडे. स्टिअरिंगला हाताचा दाब मोजणारी पट्टी. डिकीत सगळं साठवणारा काळा डबा. मागच्या सीटकडे कॅमेरा नव्हता आणि आवाज रेकॉर्ड होत नव्हता. रत्नागिरीहून भाट्ये, फणसोप, गोळप, पावस, पूर्णगड आणि परत, अशी ठरलेली फेरी. "आम्ही नाहीच असं समजून चालवा," असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नियम मोजके होते. गाडीत दुसरं कुणी नको. आणि दर शुक्रवारी येऊन आपापली मागच्या आठवड्याची चित्रं बघायची, मशीनने प्रत्येकाला दिलेलं नाव बरोबर की चूक ते सांगायचं. जांभई, फोन, पाणी पिणं, डुलकी. नमस्कार हे नाव मात्र विनीतने स्वतः वाढवलेलं. गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, वळणाशी राखणदाराचा दगड आहे. तिथे आलं की प्रत्येक ड्रायव्हर काहीतरी करायचा, कुणी स्टिअरिंग सोडून छातीला हात लावायचा, कुणी मान तुकवायचा, आणि मशीन बिचारं दर वेळी बेसावध, बेसावध म्हणून लाल व्हायचं. शेवटी भागोजीकाकांनी विनीतला सांगितलं, अहो, तो नमस्कार असतो. विनीतला केवढा आनंद झाला होता! पुण्याने त्याची पाठ थोपटली होती. आता त्या दगडाच्या आसपास कुणी मान झुकवली, डोळे मिटले, की मशीन आपणहून ते नमस्कारात टाकत होतं.

"इथे गाडी जरा उजवीकडे सरकलीय," मृणाली म्हणाली. आपला आवाज आपल्याला लांबून येतोय असं तिला वाटलं.

"दगड डावीकडे आहे न. देवाला जागा सोडून जाता तुम्ही लोक. आणि हे मस्त आहे, डोळे उघडल्यावर तुम्ही आधी रस्त्याकडे नाही, आरशात बघितलं. मागे गाडी होती का?"

"नाही. गाडी नव्हती."

"मग बरोबरवर टिचकी मारा. पाच वाजता सगळं पुण्याला पाठवायचंय."

"तिकडे याचं काय होतं?"

"मशीन शिकतं. पुढे गाड्यांत बसवणार न ते, डुलकी लागली की वाजणारं. नमस्कार करणाऱ्यावर ओरडलं तर लोक बंदच करून टाकतील. म्हणून त्याला शिकवायचं, असा चेहरा दिसला की गप्प राहायचं."

असा चेहरा. मृणालीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ती बाई अजून तशीच होती. "फेरी मारून येते आणि मग करते," ती म्हणाली आणि पर्स घेऊन उठली.

खाली भागोजीकाका फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसत होते. एसटीत बत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, आता या दोन गाड्यांची निगा बघायचा. तिला बघून त्यांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बगलास काय तुजा फोटो? वरती सगल्यांना दाखवतोय तो. जसा काय लग्नातला."

"बघितला."

"मी पन बगितला." त्यांनी फडकं झटकलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "मी त्याला सांगितला व्हता, तितं नमस्कार करतात. त्याच्यात खोटा काय नाय. पन ड्रायव्हरचा नमस्कार उघड्या डोल्यांनी असतो गो. हार्न मारायचा, हात लावायचा, नजर रस्त्यावर. डोले मिटनार तो कंडक्टर." आणि मग, जणू काही बोललेच नाहीत, असं वाकून टायरकडे बघत म्हणाले, "हवा बरी हाय. सावकाश जा. पोर कशी हाय?"

"दात येतायत."

"मंग झाला," भागोजीकाका म्हणाले. त्यात सगळं आलं.

भाट्याच्या पुलावर खाडीचं पाणी ओहोटीचं होतं, मधल्या गाळावर बगळे कुणीतरी मांडून ठेवल्यासारखे. गाडीतला तो लहानसा काळा डोळा तिच्याकडे बघत होता. एरवी पुलाच्या मध्यावर आलं की मृणालीला तो दिसेनासा व्हायचा. आठवड्यातून तीन दिवस, दोन दोन तास. या दोन तासांत तिला कुणी आई म्हणत नसे, सूनबाई म्हणत नसे, छातीत दूध भरून येत असे तेवढंच काय ते आठवणीला. हात हातासारखे असायचे, कुणाला धरण्यासाठी नाही. सुरूच्या बनातून वारा यायचा आणि तिला वाटायचं, ही मी, ही इथे आहे, अजून आहे. हे काम धरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "आठ महिन्यांची पोर टाकून तू गाडी फिरवणार, आणि ते लोक नुसते बघणार? बघण्यासारखं काय आहे त्यात?" पण मग त्यांनीच अवनीला मांडीवर घेतलं होतं. टिचकी मारली की हे सगळं असंच चालू राहणार होतं. एक टिचकी. नाव तर मशीनने दिलं होतं, तिने कुठे दिलं होतं? कुणी तिला विचारलंच नव्हतं. खोटं बोलायला आधी कुणी प्रश्न विचारावा लागतो.

फणसोपच्या चढाला गियर बदलताना तो मंगळवार तिच्या हातात आला. संक्रांतीनंतरचा. सासूबाई त्या सकाळीच बहिणीकडे लांज्याला गेल्या होत्या, नवरा शार्दूल लोट्याच्या कारखान्यात, त्याची रात्रपाळी, तो घरी यायचा शनिवारी. अवनीच्या हिरड्या लाल झाल्या होत्या आणि तीन रात्री ती निजली नव्हती. म्हणजे दोघीही निजल्या नव्हत्या, पण दुसरीच्या रात्री कुणी मोजत नाही. ती मांडीवर रडायची, पाळण्यात रडायची, फक्त गाडी हलू लागली की गप्प. फेरी चुकवली असती तर विनीत काही म्हणाला नसता. हे आता कळतं. त्या सकाळी तिला एवढंच कळत होतं की गाडी आहे, रस्ता आहे, आणि मागे बघणारा कॅमेरा नाही. शुक्रवार सोडला तर गाडी फेरीच्या दिवशी सकाळी तिच्या दाराशीच असायची. तिने अवनीची खुर्ची मागे बांधली, आरसा खाली वळवला आणि निघाली. आणि गाऊ लागली. अंगाई तिला एकही धड येत नव्हती. सासूबाईंना येत, पण त्यांच्यासमोर म्हणायची लाज वाटे. म्हणून तिने आपलीच केली होती, फेरीवरच्या गावांची. भाट्ये गेलं गं बाई, फणसोप गेलं, गोळप आलं, पावस आलं, पूर्णगडाच्या खाडीशी पाणी निजेलं. निजेलं असा शब्द नसतो. अवनीला चालायचा. पडद्यावरचे ओठ हलत होते ते हे. मंत्र! आणि थांबले ते गोळपवर.

त्यानंतर कुठे होती ती? हे तिला गेले दहा दिवस कळत नव्हतं. झोपेत माणूस निदान झोपेत असतो; उशी असते, कूस असते, कुठलंतरी स्वप्न असतं. त्या दोन सेकंदांना काहीच नव्हतं. लहानपणी दापोलीहून केळशीला एसटीने परत येताना ती खिडकीशी बसून मुद्दाम डोळे मिटायची आणि वासावरून गाव ओळखायची. ओल्या जाळ्यांचा, सुकत घातलेल्या मासळीचा, मग बागेतल्या शेणखताचा, की समजायचं, घर आलं. डोळे मिटले तरी रस्ता असायचा, अंगाखालून जायचा, वळण आलं की पोटाला आधी कळायचं. तिला वाटलं होतं, तसंच असेल. अंगाला रस्ता माहीत असेल. हातांनी आपले आपण चालवलं असेल. पण हा तो खेळ नव्हता. हे म्हणजे ते दुसरं होतं, ऑपरेशनच्या टेबलावरचं. डॉक्टरबाईंनी आकडे म्हणायला सांगितलं होतं, ती सहापर्यंत गेली, आणि पुढचा आकडा म्हणायच्या आत कुणीतरी तिचा गाल थोपटून म्हणत होतं, मुलगी झाली हो. मधे काही नव्हतं. अवनी जन्मली ती त्या काही नसलेल्या जागेत. ती जन्मली तेव्हाही मी नव्हते, मृणालीला वाटलं, आणि त्या दिवशी पुन्हा ती होती आणि मी नव्हते. मागच्या सीटवर ती एकटी, पुढे एक निळा कुर्ता, आणि गाडी चाललेली.

सड्यावर हवा एकदम मोकळी झाली. वाळलेलं गवत सोन्यासारखं आडवं पडलं होतं आणि कुठल्यातरी बागेतून मोहोराचा वास येत होता, गोड, जरासा उग्र, डोकं जड करणारा. दगड दिसला. तेल पिऊन काळा झालेला चिरा, वर लाल निशाण, पायथ्याशी नारळाच्या करवंट्या. मृणालीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. फेरीत थांबायचं नसतं. काळा डोळा बघत राहिला.

ती उतरली. बावीस मीटर म्हणजे किती पावलं, तिला माहीत नव्हतं. पडद्यावर डोळे मिटले तेव्हा काचेबाहेर विजेचा वाकडा खांब होता, तो तिने नीट बघून ठेवला होता. त्या खांबापासून ती चालू लागली. एक, दोन, तीन. डांबर कोमट होतं, चपलेला कळत होतं. सातव्या पावलाला तिला हसू आलं, भर अकरा वाजता सड्यावर पावलं मोजणारी बाई. कुणी बघितलं तर म्हणेल नवस फेडतेय. बाराव्या पावलाला रस्ता डावीकडे वळायला लागला आणि ती वळली नाही. गाडी वळली नव्हती. ती सरळ गेली, मधली पांढरी रेघ ओलांडून पलीकडच्या अर्ध्या रस्त्यात. वीस. चोवीस. इथे समोरून पूर्णगडची एसटी येते, साधारण याच वेळेला. त्या दिवशी आली नाही. अठ्ठावीस. डांबर संपलं, लाल खडी सुरू झाली. एकतीस. आणि तिथे तिने खाली पाहिलं.

चिरेखाण होती. सरळ कापलेली लाल भिंत, तीन-चार माणसं खोल, तळाशी पावसाचं उरलेलं पाणी, हिरवं, अगदी स्थिर. पाण्यात आकाश होतं आणि आकाशात एक घार. खाणीच्या काठापासून ती अजून पाच पावलं अलीकडे होती. एवढी जवळ खाण आहे हे तिला माहीत नव्हतं. गाडीतून गवत तेवढं दिसतं. तिला भीती वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं.  आणि मग ती शिंक तिला आठवली, ऐकू आली. अवनी शिंकली होती. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी शिंक. शिंक आली की सासूबाई निघालेल्या माणसाला क्षणभर थांबवतात, अपशकुन म्हणून. त्या शिंकेने तिला थांबवलं होतं. देवाने नाही, अंगाने नाही, हातांनी नाही. पोरीच्या नाकात मोहोर गेला होता.

परत वळताना ती दगडापाशी उभी राहिली. नमस्कार करावा का, तिला कळेना. त्याच्या नावावर तिने एक झोप टाकली होती, निदान टाकू दिली होती. तो काही बोलला नव्हता. राखणदार बोलत नसतात. पण उद्या कुठेतरी, कुठल्यातरी घाटात, एखाद्या बाईची मान अशीच झुकेल, ओठ असेच शब्दाच्या मध्ये थांबतील, आणि गाडी तिच्याकडे बघेल आणि म्हणेल, गप्प राहायचं, ही नमस्कार करतेय. ते ओरडणं मृणालीला एकदम ऐकावंसं वाटलं. आपल्यावर कुणीतरी ओरडायला हवं होतं, उठ गो, असं. ती गाडीत बसली. निघताना तिने दोनदा हॉर्न दिला, छातीला हात लावला, आणि डोळे उघडे ठेवले.

पूर्णगडला जाऊन ती परत आली. फेरी अर्धी टाकली नाही. हीच शेवटची, हे पावसजवळ कुठेतरी तिला समजलं होतं, म्हणून खाडीपाशी तिने काच खाली करून खारा वारा आत घेतला.

विनीत डबा उघडून पोळी-भाजी खात होता. "थांबला होतात गोळपला? सहा मिनिटं दिसतायत."

"ते नाव चूक आहे," मृणाली म्हणाली. "ती झोप होती."

विनीतने घास खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "नक्की? कारण मान तर अशी... आणि मंत्र..."

"अंगाई होती ती. मुलगी मागे होती."

खोलीत पंखा फिरत होता. खाली रिक्षावाले कुणाशी तरी हुज्जत घालत होते. विनीतने डब्याचं झाकण लावलं, आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मॅडम, झोप लिहू आपण. झोप सगळ्यांना लागते, त्यासाठीच तर हे सगळं. पण मुलगी लिहिली तर तुमची गाडी बंद करावी लागेल मला. ती मला दिसतच नाही चित्रात. नाही लिहिली तरी चालेल."

"आरशात का बघितलं, मग ते कसं कळणार?"

"कुणाला?"

"मशीनला," ती म्हणाली, आणि आपण मशीनची बाजू घेतोय याचं तिला जरा हसू आलं. तिने नमस्कार पुसलं. झोप निवडलं. शेऱ्याच्या चौकटीत तिने एका बोटाने लिहिलं: तीन रात्री जागरण. गाडीत मूल होतं. ते शिंकलं म्हणून जाग आली. मग बरोबरवर टिचकी मारली. हिरवी पट्टी लाल झाली आणि पडद्यावरची ती शांत बाई लाल पट्टीवरही तेवढीच शांत दिसत राहिली.

जिन्याखाली भागोजीकाकांनी किल्लीसाठी हात पुढे केला.  "रिक्षा थांबवू का?" म्हणाले.

नाचणे गावातल्या घरी सासूबाई, मालिनीबाई, ओटीवर अवनीला पेज भरवत होत्या. पेज हनुवटीवर, पेज कानात. शाळेत तीस वर्षं मुलं सांभाळलेली बाई, पण या एका पोरीपुढे हात टेकायची. "आज लवकरशी आलीस? शार्दूलने फोन केलान होता, म्हणतो..."

"आई, त्या मंगळवारी तुम्ही लांज्याला होतात न," मृणाली उभ्यानेच म्हणाली, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. "मी अवनीला गाडीत नेलं होतं. मला झोप लागली. गाडी चालवताना."

चमचा वाटीत थांबला. "पोरीला घेऊन?"

"हो."

मालिनीबाईंचा चेहरा असा काही झाला की मृणालीने ओटीच्या लाद्या मोजायला सुरुवात केली. अवनीने चमच्याकडे हात केला, मिळाला नाही, म्हणून ओरडली. त्यांनी पदराने तिची हनुवटी पुसली, कान पुसला, पुन्हा हनुवटी पुसली, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

"किती रात्री?"

"काय?"

"किती रात्री निजली नाहीस, विचारत्ये."

"तेव्हा तीन. मग..." तिने मोजायचा प्रयत्न केला आणि तिला मोजता येईना. "माहीत नाही."

"आणि मी पलीकडच्या खोलीत घोरत्ये. उठवता येत नव्हतं?"

"तुम्ही म्हणाला होतात, तुमच्या वेळी सगळं एकटीनेच..."

"म्हटलं असेन!" मालिनीबाई एकदम ओरडल्या. "काय वाट्टेल ते म्हणत्ये मी. सगळं ऐकायचं असतं का गो?" त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता. त्यांनी अवनीला काखोटीला मारलं, उठल्या, आतल्या खोलीत जाऊन खिडक्या ओढून घेतल्या, एक, दोन, आणि दारातून म्हणाल्या, "नीज."

"आई, गाडी गेली माझी."

"गेली तर गेली. उठलीस की बोलू. नीज म्हटलं न."

"हात-पाय धुऊन..."

"मृणाल."

ती आडवी झाली. कुर्ताही बदलला नाही. दाराला फट राहिली होती आणि तिच्यातून ओटीवरचा उजेड फरशीवर पट्टीसारखा पडला होता, कसलंही नाव नसलेली पट्टी. बाहेर सासूबाई अवनीला घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, त्यांच्या चपला थप थप वाजत होत्या. त्या काहीतरी गुणगुणत होत्या, जुनं, तिला न येणारं. मृणालीने डोळे मिटले आणि लगेच अंग दचकलं, हात स्टिअरिंगकडे गेले. चादर होती. नुसती चादर. तिने ती धरली, मग सोडली. भाट्ये गेलं, तिने मनात म्हटलं. फणसोप गेलं. सड्यावर ऊन होतं, गवत आडवं पडलेलं होतं, वाकडा खांब आला आणि मागे गेला. गोळप आलं. इथे ती दर वेळी थांबायची. गेले दहा दिवस इथून पुढचे शब्दच नव्हते. बाहेर अवनी शिंकली. "थांब हं, थांब जरा," सासूबाई तिला म्हणाल्या, चपला क्षणभर थांबल्या, आणि मग पुन्हा चालू झाल्या. मृणालीला त्या लांबून ऐकू आल्या, पाण्याखालून यावं तशा. कुणीतरी जागं होतं. रस्ता आपणहून डावीकडे वळला. मग पावस आलं. मग खाडीचा वास आला, आणि पूर्णगड.